नामदेव मास्तर आणि आंबेमाळची गाडी

आमदाराची गाडी कशी सुटते हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. साहेब पुढं बसतात, कुणीतरी धावत येऊन दार लावतं, चार जण उगाच हात हलवतात आणि धुरळा उडतो. नामदेव मास्तरांची जीप तशी कधीच सुटली नाही. मास्तर मागच्या बाकावर दाराशी बसत, मान वळवून रस्त्यावर पार लांबवर बघत, आणि कुणी पळत येत नाही अशी खात्री झाली की पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारत. मगच बबन ड्रायव्हर गिअर टाकायचा. एकदा मास्तर फोनवर बोलत राहिले आणि थापा मारायच्या विसरले. जीप जागेवरच गुरगुरत उभी. मी म्हटलं, "बबनराव, चला की." बबननं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला रेल्वेचं बंद फाटक तोडायला सांगितलं होतं.

"बेल कुठं झाली?" तो म्हणाला.

मास्तर एसटीत कंडक्टर होते आणि बबन त्यांचा जोडीदार ड्रायव्हर. कर्जत डेपोतून दोघांनी उभी नोकरी एका गाडीवर काढली. आमच्या भागात कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून नामदेव मास्तर. मुंबईला मात्र सगळ्यांची समजूत, की हे शाळामास्तर. मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्यानं आदरानं विचारलं, "कोणत्या शाळेत होता आपण?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "कर्जत, नेरळ, कळंब, आंबेमाळ. पोरं बसायची कमी, उभीच जास्ती." त्या अधिकाऱ्यानं ग्रामीण शिक्षणाच्या दुरवस्थेवर मान हलवली म्हणे.

ज्यानं सबंध तालुक्याला तिकिटं दिली त्याला एकदा पक्षानंही तिकीट दिलं, हा विनोद आमच्याकडे इतका झिजलाय की तो मी सांगणार नाही. खरी गोष्ट एवढीच, की दोन मातब्बर उमेदवार एकमेकांना पाडायला बसले होते, पक्षाला तिसरं नाव हवं होतं, आणि डोंगरापासून हायवेपर्यंत प्रत्येक घर ज्याला ओळखतं असा माणूस शोधता शोधता ते मास्तरांच्या अंगणात पोचले. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन वालाच्या शेंगा सोलत बसले होते.

माझं कर्जत स्टँडसमोर टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पुढाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. ज्यानं त्यांचे फ्लेक्स छापलेत त्याला ते राहतच नाही. मिशा काळ्या करा, टक्कल झाका, शेजारच्याचा फोटो लहान करा, ही सगळी पापं माझ्या हातून रोज होतात. 'भावी आमदार' तर मी इतके छापलेत की तेवढ्या खुर्च्या विधानसभेत नसतील. त्यामुळे मास्तर निवडून आल्यावर त्यांची पत्रं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मनात म्हटलं, हाही सहा महिन्यांत गॉगल लावेल.

पहिल्याच वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी माझ्याकडून त्यांचा भला मोठा फ्लेक्स छापून घेतला आणि स्टँडवर बांधला. सकाळी मास्तर आले, फ्लेक्सखाली उभे राहिले आणि त्यांनी स्टूल मागवलं. सगळ्यांना वाटलं, साहेब स्वतःला हार घालणार. मास्तर स्टुलावर चढले आणि त्यांनी दोऱ्या सोडायला सुरुवात केली. फ्लेक्सच्या मागं गाड्यांच्या वेळापत्रकाचा बोर्ड झाकला गेला होता.

"लोकांनी गाडी कवा हाय ते बघायचं, का माझं थोबाड?"

मग गुंडाळी बगलेत मारून ते माझ्या दुकानात आले. "दिनकर, झकास छापलंस रं. पण माझ्या नाकावर पनवेलची गाडी हाय आन कपाळावर पेनची. लोकं चुकतात."

तो फ्लेक्स त्यांनी आंबेमाळच्या सुमनबाईंना देऊन टाकला. सुमनबाई नेरळच्या बाजारात भाजी विकायच्या. भेंडी, कारली, शिराळी, काय शेतात निघेल ते हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, भरून आणायच्या. त्यांनी डोक्यावर सावलीला म्हणून फ्लेक्स बांधला, छापील बाजू खाली करून. त्यामुळे गिऱ्हाईक भाजी घ्यायला खाली बसलं आणि चुकून वर बघितलं, की आमदार हात जोडून भेंडीकडे बघत असलेले दिसायचे. माझं इतकं चांगलं काम इतक्या योग्य ठिकाणी पुन्हा कधी लागलं नाही.

मास्तरांचं कार्यालय म्हणजे बसस्टँडच होतं. आलेल्या माणसाला ते 'काय काम काढलंत' असं विचारत नसत. "कुठून बसलात? कुठं उतरणार?" असं विचारत. म्हणजे अडचण कुठं सुरू झाली आणि तुम्हाला नक्की काय झालेलं हवंय. बहुतेकांना पहिलं सांगता यायचं, दुसरं यायचं नाही. ते येईपर्यंत मास्तर बडीशेप चघळत बसून राहायचे. त्यांचा दुसरा शब्द होता 'सुटे'. कुणी "आपल्या भागाचा सर्वांगीण विकास" असं काही सुरू केलं, की ते हात पुढं करून म्हणायचे, "बंदी नोट नको. सुटे द्या."

एकदा खालापुराकडून, कुंभिवलीच्या बाजूचे शेतकरी आले होते. त्यांच्या म्होरक्यानं औद्योगिकीकरण आणि भूमिपुत्र यावर छान भाषण केलं. मास्तर हात पुढं करून बसले. म्होरक्या आणखी जोरात बोलला. हात तसाच. शेवटी मागं बसलेली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "आरं, आमच्या खाचराचं पानी जायची मोरी बुजवलीय कुनीतरी भराव टाकून. भात कुजतंय आमचं. येवढंच हाय."

"हां," मास्तर म्हणाले. "हे सुटे." आणि उठले. माझं पत्र टाइप करायचं राहिलंच, आम्ही सगळे जीपमध्ये. मास्तर त्या बुजलेल्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. भराव टाकणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला आणि म्हणाले, "मी हितं बसलोय. जेवायला भाकरी आनलीय. तुमी मशिन पाठवा, मग मी उठतो." दुपारी मशिन आलं. पाणी वाहायला लागल्यावर म्हातारीनं मास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्होरक्यानं आभाराचं भाषण केलं.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. हट्टी होते. फोन उलटा धरायचे. लग्नाला गेले तर आहेर-बिहेर राहू दे, मांडवाच्या दारात उभं राहून "पुढं सरका, आत जागा हाय" असं करत गर्दी लावून द्यायचे. एका आरोग्य उपकेंद्राच्या उद्घाटनाला फीत कापायच्या आधी ते आत जाऊन खाटेवर आडवे झाले, कुशीवर वळून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाळंतीण हिच्यावरनं पडंल. दुसरी आना, मग कापतो." डॉक्टर खूश, बाकी सगळे घुश्शात. मतं अशी मिळत नाहीत, हे त्यांना कार्यकर्त्यांनी पुष्कळदा समजावलं. ते मन लावून ऐकायचे आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा तेच करायचे.

खिशात त्यांच्या कायम एक लोखंडी चिमटा असायचा, जुन्या काळी तिकिटाला भोक पाडायचा तो. विचार करताना तो हातात घेऊन टिक टिक वाजवायचे. विधानसभेत त्यांचं पहिलं भाषण होतं तेव्हा त्यांनी मला गॅलरीचा पास काढून दिला होता. भाषणाआधी सभागृहात बारीक टिकटिक सुरू झाली. शेजारचे सदस्य घड्याळ बघायला लागले. अध्यक्षांनी विचारलं, हा आवाज कसला? मास्तर उभे राहिले आणि चिमटा दाखवून म्हणाले, "माफी असावी. माझा नंबर यायचा होता म्हणून हात शिवशिवत होता." हशा पिकला. मग मास्तर बोलले. मी टाइप करून दिलेलं त्यांनी खिशातच ठेवलं.

"शेतीचं खातं इथं वेगळं हाय, दवाखान्याचं वेगळं, शाळेचं वेगळं, वाहतुकीचं वेगळं. आमच्या आंबेमाळला ही चारही खाती सकाळच्या एकाच गाडीत बसतात. भाजीचा हारा खाली, पोटुशी बाई खिडकीशी, कॉलेजच्या पोरी मागं. ती एक गाडी बंद झाली की चार खाती बंद. मला चार मंत्र्यांकडं फिरवू नका. गाडी तेवढी चालू ठेवा."

गॅलरीत बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही.

आंबेमाळची गाडी बंद होणार, ही हूल नव्हती. कळंबच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आंबेमाळ. गाडी रात्री तिथं मुक्कामाला असायची आणि सकाळी पहिली सुटायची. डेपोत गाड्या कमी, तिकडे नेरळला नव्या इमारती धडाधड उठलेल्या, त्या लोकांना स्टेशनपर्यंत गाड्या हव्यात. आंबेमाळच्या गाडीचं उत्पन्न कागदावर दिसायचं नाही, कारण बायका अर्ध्या तिकिटाच्या, पोरी पासवाल्या आणि म्हातारे फुकट. तेव्हा ही गाडी काढून तिकडे द्यावी, असं वर ठरत आलं होतं.

सुमनबाईंची मुलगी करुणा तेव्हा नेरळच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होती. तिला नर्स व्हायचं होतं. ती कसल्याशा अर्जाचं टायपिंग करायला माझ्या दुकानात आली होती, मास्तरही बसलेले होते. मास्तरांनी सवयीनं विचारलं, "कुठं उतरणार गं?"

"नर्सिंगला, मास्तर," ती तडक म्हणाली. मग जरा थांबून, "पन बाबा बोलतात, गाडी बंद झाली तर कॉलेज बंद. डोंगराच्या वाटेनं एकटी पोरगी कशाला धाडायची. मामाकडलं स्थळ हाय, ते बघतील."

मास्तरांचा चिमटा थांबला. "तू बारावी कर. गाडीचं माझ्यावर."

शब्द देण्यात मास्तर फार कंजूष. तो त्यांनी दिला आणि मग त्यांची झोप उडाली. विभागाच्या वाहतूक अधिकाऱ्यांना जाऊन भेटले. माणूस सरळ होता. म्हणाला, "आमदारांनी सांगितलं म्हणून मी गाडी चालवणार नाही. प्रवासी असतील तर चालवेन. मी स्वतः येऊन बघतो." दुसरा आमदार असता तर त्या अधिकाऱ्याची बदली गडचिरोलीला झाली असती. मास्तर बाहेर येऊन मला म्हणाले, "बरोबर बोलला रं. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो."

आणि मग त्यांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली. आंबेमाळच्या शांतारामबाबांना, म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला फोन केला आणि सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीला मोठं साहेब येणार हायत. त्यांच्या हातात हाय गाडी ठेवायची का काढायची. गावाला सांगा, नीट वागा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर, ते अधिकारी आणि मी, असे जीपनं आंबेमाळला पोचलो. मला फोटो काढायला नेलं होतं. पाहतो तर गाडी न्हाऊन-माखून उभी. रात्रीतून कुणीतरी तिला चाकांपर्यंत धुतलेलं. पुढं झेंडूचं तोरण, दाराशी रांगोळी. सगळा गाव धुतल्या कपड्यांत दोन्ही बाजूंना उभा. सुवासिनींनी साहेबांना ओवाळलं. ते बिचारे संकोचून गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. त्यांच्यामागं मास्तर चढले, मास्तरांमागं मी.

आमच्यामागं कुणीच चढलं नाही.

"चला रं, बसा की!" मास्तर दारातून म्हणाले.

शांतारामबाबांनी हात जोडले. "नाय मास्तर. आज तुमी बसा निवांत. आज गाडी साहेबांची."

मला वाटलं, मानपान झाला की येतील. पण मास्तरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना सगळं कळून चुकलं होतं. गावानं आदल्या संध्याकाळी बैठक घेऊन ठरवलं होतं, की पाहुण्याला दाटीवाटीत बसवायचं नाही. पाहुण्याच्या पायाशी भेंडीचे हारे नकोत, कानाशी पोरींचा कलकलाट नको. गाडी कशी मोकळी, स्वच्छ, साहेबांना आवडेल अशी पाहिजे. आवडली की ठेवतील! नवऱ्या मुलीला बघायला येतात तेव्हा घर आवरतो, तशी त्यांनी गाडी आवरली होती. माणसं काढून.

गाडीवरची कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं गोंधळून डबल बेल दिली आणि आम्ही निघालो. पुढच्या वाडीच्या थांब्यावरही माणसं हात जोडून उभी. चढलं कुणी नाही. मोबाइलवरून निरोप पुढं पोचला होता. साहेब रिकाम्या बाकांकडे बघत होते. मास्तर खाली मान घालून बसले होते. चिमटा खिशातच. सबंध गाडीत तोरणाचा झेंडू तेवढा हलत होता. मला त्या गावाचा असा संताप आला, की खाली उतरून एकेकाला हलवावं.

उताराच्या वळणावर कॉलेजच्या मुली दिसल्या. दप्तरं पाठीला, चपला धुळीनं भरलेल्या, भराभर चालत निघालेल्या. गाडी येताना बघून त्या रस्त्याच्या कडेला सरकल्या आणि त्यांनीही हात जोडले. पुढं करुणा होती.

मास्तरांनी उठून स्वतः बेलची दोरी ओढली. एकदाच. गाडी थांबली.

"काय गं करुणा, पायी कुठं निघालीस?"

"कॉलेजला, मास्तर."

"गाडी सोडून?"

करुणानं खिडकीतल्या साहेबांकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आज चाललो तर उद्यापासनं गाडी राहील ना, मास्तर."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते मास्तरांना म्हणाले, आणि त्यांना ते बोलणं जड जात होतं हे दिसत होतं, "मास्तर, मला समजतंय सगळं. पण मला गाडीतली माणसं मोजायची असतात. रस्त्यावरची मोजायची सोय नाही."

मास्तर त्या कंडक्टर मुलीकडे वळले. "मास्तर," ते तिला म्हणाले, "परवानगी द्याल? जरा आवाज टाकतो."

ती लाजून हसली. मास्तर दाराच्या पायरीवर उतरले, दांडीला धरून निम्मे बाहेर वाकले आणि त्या डोंगराच्या कुशीत त्यांनी आपला तो जुना आवाज काढला. "चला, कळंब, नेरळ, कर्जऽऽत! पुढं सरका, पुढं जागा हाय! पासवाल्या पोरी मागं! दारात थांबायचं नाय, चला, चला, गाडी सुटली!"

काय गंमत आहे बघा. आमदाराचं त्या गावकऱ्यांनी ऐकलं नसतं. पाहुणा, साहेब, नीट वागणं, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पण तो आवाज लहानपणापासून त्यांच्या पायांना ओळखीचा होता. मुली विचार करायच्या आत गाडीत चढल्या होत्या. थोडं पुढं भाजीच्या हाऱ्यांनी आणि बायकांनी लादलेला एक टेंपो ठेचकाळत चाललेला दिसला. मास्तरांनी तो थांबवला.

"सुमनबाई, उतरा खाली! टेंपोला काय सोनं लागलंय?"

"नको मास्तर," सुमनबाई वरून म्हणाल्या, "भेंडीला माती हाय. साहेबांच्या प्यांटीला लागंल."

"लागू द्या," असा आवाज आला. तो साहेबांचा होता. त्यांनी पाय आखडून घेतले आणि समोरची जागा करून दिली.

कळंबला दवाखान्यात निघालेली एक पोटुशी बाई चढली, तेव्हा साहेब उठून उभे राहिले. नेरळ येईपर्यंत त्यांच्या एका पायाशी कारली, दुसऱ्या पायाशी भेंडी आणि हातात कुणाचं तरी रडकं पोर होतं. मागून टिक टिक ऐकू येत होती. मास्तरांचा चिमटा बाहेर आला होता.

नेरळला साहेब उतरले आणि म्हणाले, "आजचं मी लिहिणार नाही. आज गाडी तुम्ही भरलीत. मी न सांगता येईन."

"या," मास्तर म्हणाले. "पन पांढरा शर्ट घालू नका."

ते खरंच आले. कधी आले ते मास्तरांनाही नंतर फोनवरून कळलं. साधा चौकड्याचा शर्ट घालून ते आंबेमाळपासून नेरळपर्यंत उभ्यानं आले होते. वाटेत एक बाई त्यांच्या अंगावर खेकसली होती, "ओ दादा, पाय आत घ्या की, हारा काय तुमच्या डोक्यावर ठेवू?" ती बाई म्हणजे सुमनबाई हे वर्णनावरून मास्तरांनी ओळखलं आणि त्यांना जाऊन सांगितलं. सुमनबाईंना इतकी लाज वाटली, की पुढं कितीतरी दिवस त्या गाडीत शर्ट घातलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला जागा देत होत्या.

गाडी राहिली. करुणा बारावी झाली आणि नर्सिंगला गेली.

मास्तर मात्र पुढच्या निवडणुकीत पडले. फ्लेक्स नाहीत, लग्नात भाषण नाही, खाट हलते म्हणून उद्घाटन अडवतो, असा माणूस एकदा निवडून येतो हेच नवल. निकालाच्या दिवशी त्यांच्या अंगणात काही म्हातारी माणसं रडत होती. मास्तर वालाच्या शेंगा सोलत होते. "रडता काय?" ते म्हणाले. "स्टॉप आला की उतरायचं. बसून राहिलं तर चेकर धरतो." मी हसलो, पण घरी येऊन मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्यांची पोरं विजयाचा फ्लेक्स छापायला आली. मी सांगितलं, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं.

मास्तर आता नाहीत. मागच्या भाताच्या कापणीच्या सुमाराला गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आंबेमाळच्या गाडीतच.

कळंबला माझी सासुरवाडी. तिथून सकाळी मी नेरळला निघालो होतो, एका दुकानाच्या पाटीचं माप घ्यायला. गाडी शिगोशीग भरलेली, मी कसाबसा दारात उभा. पुढच्या थांब्यावर मास्तर चढले. तब्येत उतरली होती, सदरा अंगावर लोंबत होता. तपासणीसाठी कर्जतच्या सरकारी दवाखान्यात निघाले होते. 

मास्तर दिसताच गाडीतली बसलेली सगळी माणसं एकदम उठली. एवढ्या दाटीत बाक रिकामे झाले.

"बसा खाली!" मास्तर कडाडले. आवाज तेवढा शाबूत होता. "पाहुणा हाय का मी? एकदा पाहुण्यापायी गाडी जात होती, इसारलात?"

माणसं ओशाळून अर्धवट बसली, अर्धवट उभी राहिली. मास्तर दांडीला धरून तसेच. कुणाच्याच जागेवर ते बसणार नव्हते आणि त्यांना उभं बघून कुणाला बसवत नव्हतं.

सगळ्यात मागच्या बाकावर, दाराच्या अंगाला, पांढऱ्या गणवेशात करुणा बसली होती. त्याच दवाखान्यात ड्यूटीवर निघालेली. ती मात्र उठली नव्हती. तिनं शेजारणीला कोपरानं ढकललं, "सरक गं जरा," आणि स्वतः अंग चोरून वीतभर जागा केली.

"मास्तर, या. जागा हाय."

मास्तरांनी त्या वीतभर जागेकडे पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. गर्दीतून वाट काढत ते गेले आणि तिच्याशेजारी दाटून बसले. "दिनकर," ते तिथूनच ओरडले, "येवढ्यांत ही एकटी शिकली रं!" करुणानं त्यांचं मनगट हातात घेतलं. मला वाटलं मायेनं घेतलं, पण ती नाडी बघत होती.

नेरळला मी उतरलो. कंडक्टरनं बेल दिली, गाडी हलली आणि लगेच थांबली. मागच्या खिडकीच्या पत्र्यावर एक थाप पडली होती. रस्त्यावरून एक बाई डोक्यावरचा हारा सावरत पळत येत होती. खिडकीतून मास्तरांचा हात बाहेर आला आणि तिला बोलवायला लागला. "या, या, पळू नका, जागा हाय!"

आत जागा नव्हती. मी कळंबपासून एका पायावर उभा होतो, मला पक्कं माहीत होतं. ती बाई चढली. पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी कर्जतकडे निघून गेली.